फाटकाशी बसायची जागा

१० फेब्रुवारी २००२, रविवार

निर्णय झाला. पुढच्या बागेत बसायची जागा करायची. सकाळी चहा देताना ह्यांना सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ह्यांनी विचारलं, "कोण बसणार आहे तिथे?" मी म्हटलं, "बसतील." विषय संपला. याचा अर्थ विरोध नाही. विरोध असता तर तो सविस्तर झाला असता.

"बाग" हा शब्द मी जरा उदारपणे वापरते आहे. फाटकापासून व्हरांड्यापर्यंतची पट्टी, तीत एक बकुळ, एक लिंबू, दोन तगरी आणि कुंड्या. इतकी वर्षं आम्ही तिथे पाणी घालायला आणि फुलं काढायला गेलो, बसायला कधी नाही. बसणार कधी? हे पहाटे कंपनीच्या बसने चिंचवडला, मी सकाळच्या शाळेला. दोघं परत येईपर्यंत दिवस संपलेला.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. दिवाळीत ह्यांनी व्हीआरएस घेतली. टूलरूममध्ये संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि ज्या हातांनी इतकी वर्षं मायक्रोमीटर धरला त्यांना मानानं घरी पाठवण्यात आलं. तेव्हापासून पुढच्या खोलीची खिडकी अर्धी बंद. वाचनालयात जायचं ते अंधार पडल्यावर, मागच्या दारानं. बेल वाजली की हे स्वयंपाकघरात. "भर दिवसा घरात बसलेला माणूस लोकांना दाखवायचा आहे का तुला?" असं एकदा म्हणाले, पुन्हा नाही.

वर्गात एखाद्या मुलीला फळ्यापाशी यायची भीती वाटत असेल, तर तिला गणित सोडवायला बोलवायचं नसतं. आधी फळा पुसायला बोलवायचं. तेवढंच करते आहे.

१७ फेब्रुवारी, रविवार

जागा कुठे, हा पहिला प्रश्न. तो अंदाजाने सोडवणं भूगोलाच्या शिक्षिकेला शोभणार नाही. सबब आज बागेत ठिकठिकाणी खुंट्या ठोकल्या आणि दर तासाने सावलीच्या टोकाला खडा ठेवला.

काय सुंदर गोष्ट आहे ही! घर पूर्वाभिमुख, त्यामुळे सकाळचं ऊन सगळ्या बागेत. दुपार कलली की घराचीच सावली हळूहळू फाटकाकडे सरकत जाते. सध्या सूर्य दक्षिणेला, म्हणून बकुळीची सावली उत्तरेला लांब पडते; पण मे महिन्यात ती आखडून बुंध्याशी येणार. म्हणजे आज जिथे सावली आहे तिथे बाक घातला, तर उन्हाळ्यात बसणारा भाजून निघेल. बाक आजच्या सावलीत घालायचा नाही, मे महिन्यातल्या सावलीत घालायचा. हे सगळं मी शेजारच्या लिमयेवहिनींना (यापुढे ल.व.) फाटकापाशी समजावून सांगितलं. त्या भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत शांतपणे ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बसायची सोय केलीत म्हणजे चहा आलाच की हो. विचार केलाय का?"

केला नव्हता.

२० फेब्रुवारी, बुधवार

शाळेतून आले. ताट वाढत असताना हे म्हणाले, "ती लिंबाजवळची खुंटी वाकडी आहे."

"इथून दिसते?"

"दिसते."

खिडकी आज पाऊण उघडी होती.  खुंटी मी सरळ केली नाही.

२ मार्च, शनिवार

आराखडा पक्का. विटांचे दोन खांब, वर शहाबादी फरशी. कडप्पा दिसतो देखणा, पण काळा दगड ऊन शोषून घेतो आणि संध्याकाळी ते बसणाऱ्याला परत करतो. शहाबादी त्यामानाने सौम्य. उंची अशी की बसल्यावर टाच पूर्ण टेकावी. जागा बकुळीखाली, फाटकापासून चांगली आत. आणि तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे. हा शेवटचा मुद्दा सूर्यासाठी नाही, ह्यांच्यासाठी. चेहरा रस्त्याला दिसायला नको.

कात्रजहून धोंडीबा गवंडी आला. मी त्याला उत्तरायण समजावलं. तो विटा उतरवत ऐकत होता. "बाई, मला फकस्त जागा दावा. सूर्याचं तुमी बगा," म्हणाला. कामाची इतकी स्वच्छ विभागणी मी आमच्या शाळेच्या कुठल्याही समितीत पाहिली नाही.

३ मार्च, रविवार

धोंडीबा गेल्यावर, दिवेलागणीला, हे बाहेर आले! हातात टूलरूममधली लेव्हल. फरशीवर ठेवली, वाकून बुडबुडा पाहिला.

"उतार आहे."

"मीच ठेवायला सांगितला. पाणी निथळायला हवं."

"मग तो पुढे हवा. तू बाजूला ठेवलास. दोघं बसले तर एक जण दुसऱ्याच्या अंगावर सरकत जाईल."

मी म्हटलं, "चालेल की."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेव्हल पेटीत ठेवली आणि आत गेले. पण कान लाल झाले होते. उद्या धोंडीबाला फरशी उचलून पुन्हा बसवायला लावायची. उतार पुढे.

९ मार्च, शनिवार

बाक तयार. सिमेंट वाळलं. मी बसून पाहिलं: टाच टेकते, ऊन चुकतं, बकुळीचा वास येतो. सगळं हिशेबाप्रमाणे.

संध्याकाळी ल.व. आल्या. मी म्हटलं, "या ना, बसा. नवा बाक."

"छे छे, घाईत आहे. कुकर लावून आलेय."

आणि तिथेच, फाटकाला टेकून, उभ्याने त्यांनी आपल्या धाकट्या जावेच्या वास्तुशांतीची हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. बाक माझ्या पाठीमागे रिकामा. कुकरचं काय झालं कळलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

वाईट दिवस.

दुपारी चारच्या सुमारास हे आपणहून बाकावर जाऊन बसले. दिवसा! मी आतून पाहत होते. पेपर तपासायचे सोडून. हे बकुळीकडे पाहत होते, हात मांडीवर, अगदी निवांत. तेवढ्यात मागच्या गल्लीतले एक उंच गृहस्थ रस्त्यानं चालले होते, त्यांनी ह्यांच्या पाठीकडे पाहून मोठ्यानं हाक दिली, "काय मधुकरराव, आज सुट्टी वाटतं?"

हे दचकून उभेच राहिले. "हो, जरा..." एवढंच म्हणाले. वाक्य पुरं न करता आत आले. पाणी प्यायले. खिडकी पूर्ण लावून घेतली.

रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला कोण येतंय ते दिसत नाही. लपवायला म्हणून केलेली रचना, आणि तिनेच ह्यांना बेसावध गाठलं.

१७ मार्च, रविवार

तीन दिवस विचार करते आहे. चूक कुठे झाली ते आता स्पष्ट दिसतं.

मी ऊन मोजलं, सावली मोजली, पाण्याचा उतार मोजला. या गल्लीतली माणसं कशी भेटतात ते पाहिलंच नाही. आणि ते तर मी रोज पाहते! आमच्याकडे माणूस फाटकात भेटतो. आत आला की तो पाहुणा. पाहुणा झाला की त्याला बसवायचं. बसवला की चहा. चहा घेतला की त्यानं आपल्याला बोलवायचं. एवढं सगळं कुणाला नको असतं. फाटकात उभं राहण्यात दोन्ही पक्षांना मोकळीक आहे: तो केव्हाही निघू शकतो, आपण केव्हाही "दूध उतू जाईल" म्हणू शकतो. आणि केव्हाही निघता येतं म्हणूनच कुणी निघत नाही! शनिवार पेठेत माझ्या माहेरी रस्त्यालगत ओटा होता. तिथे लोक येता-जाता टेकायचे आणि त्यांना कुणी पाहुणा समजत नसे. बंगल्यांच्या वसाहतीत आलो, ओटा राहिला मागे आणि गप्पा मात्र उभ्याने चालू राहिल्या.

म्हणजे भेटायची जागा ठरलेलीच आहे. मी बाक तिच्यापासून दूर, आत नेऊन ठेवला.

हे ह्यांना सांगावं का? सांगितलं. जेवताना, सविस्तर. ह्यांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे जागा बदलायची."

"मी काही म्हटलं नाही."

"तू पाऊण तास म्हणते आहेस."

२३ मार्च, शनिवार

वरच्या खोलीतली स्नेहल. जानेवारीत राहायला आली, अमरावतीची, अमेरिकेतल्या लोकांचे संगणक अडले की ही इथून फोनवर सोडवते, त्यामुळे संध्याकाळी कामावर आणि सकाळी परत. तिला कालपासून सांगत होते की कंपनीची गाडी येईपर्यंत बाकावर बसत जा. आज म्हणाली, "काकू, तिथं बसलं तर गाडी दिसतच नाही नं. तो ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहते अन् मी आपली घराकडं तोंड करून बसून राहते."

तिसरा पुरावा. नोंद घेतली.

पण आजची खरी गोष्ट पुढे. हे व्हरांड्यात उभे होते, दाराच्या आडोशाला. स्नेहलने पाहिलं.

"काका, तुम्ही बाहेर काऊन येत नाही? दिवसभर आतच असता."



"लोक विचारतात," हे म्हणाले.

"मी पण तर दिवसभर घरीच असते. मला कोणी काही म्हणते का?"

"तुझी नोकरी आहे."

"ते लिमये काकूंना कुठं माहीत आहे? त्यांना वाटते मी नुसती झोपा काढते. परवा मला म्हणाल्या, मुली, तब्येत बरी आहे नं?"

हे हसले. मोठ्यानं. बऱ्याच दिवसांनी ऐकलं ते हसणं. मग गाडी आली.

३१ मार्च, रविवार

टेबलावर आलेख-कागद. माझाच, शाळेतला. त्यावर ह्यांचं रेखाटन, टूलरूमच्या शिस्तीतलं: वरून, पुढून, बाजूनं. मी काही विचारायच्या आत ह्यांनीच पेन्सिल हातात घेतली.

बसायची जागा फाटकालगत, एक टोक कुंपणाच्या भिंतीला आतून टेकवून, पण तिरकी. बसणाऱ्याला रस्ता दिसतो आणि घरही. बसणाऱ्यासमोरचा भिंतीचा तुकडा उतरवायचा, उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला आणायचा, वर गुळगुळीत फरशी.

"ही फरशी कशाला?"

"पिशवी ठेवायला. लिमयेवहिनी सारखा हात बदलतात. आत बसणारा आत, बाहेर उभा राहणारा बाहेर. चहाचा प्रश्न येत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल. मी फाटकावर प्रबंध रचला. ह्यांनी पिशवी ठेवायला जागा दिली. "मे महिन्यातली सावली?" मी विचारलं. "ती तू बघ," म्हणाले.

मी पाहिली. बकुळीची एक फांदी तिथवर येते. पुरेल.

एक गोष्ट मात्र विचारली नाही. तिथे बसलेल्या माणसाचा चेहरा साऱ्या रस्त्याला दिसणार. हे रेखाटताना ह्यांच्या लक्षात आलं नसेल, असं होणार नाही.

७ एप्रिल, रविवार

धोंडीबा पुन्हा. "बाई, सूर्य हलला काय?" विचारत होता. आधीचा बाक मोडून त्याचीच फरशी इकडे. भिंत उतरवताना धूळ. ल.व. पदर नाकाला लावून बघत: "लोक भिंती वाढवतात. तुम्ही कमी करताय. चोरांना बसून विचार करायला बरं."

हे दिवसभर खिडकीत. तिथूनच धोंडीबाला सूचना. धोंडीबा वैतागून: "साहेब, भाईर येऊन सांगा की! मान दुखाय लागली माझी!"

गेले नाहीत.

१३ एप्रिल, शनिवार, पाडवा

गुढी उभारली. कट्टा वाळला. ल.व. साखरगाठी द्यायला आल्या. सहज, काही न विचारता, पिशवी भिंतीवर ठेवली, कोपर टेकला आणि सुरू झाल्या. मी आत बसलेली, त्या बाहेर उभ्या. किती वेळ गेला दोघींना कळलं नाही. निघताना फरशीवरून हात फिरवून म्हणाल्या, "हे बरं केलंत. हात अवघडायचा." ल.व. कुणाची स्तुती करत नाहीत. ही स्तुती होती.

मग आवाज खाली आणून, "भाऊजी?"

"आत आहेत."

"हं," म्हणाल्या.

२२ एप्रिल, सोमवार

कट्ट्याला गिऱ्हाईक भरपूर. स्नेहल गाडीची वाट पाहते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही, तीच हात करते. इस्त्रीवाला गाठोडं टेकवतो. शाळेला सुट्टी लागली, मी सकाळ-संध्याकाळ तिथे.

हेही बसतात. रस्त्यावरचे दिवे लागल्यावर, आणि आमच्या फाटकासमोरचा दिवा बंद आहे म्हणून. महापालिकेत तक्रार करायची माझी इच्छा होत नाही.

१३ मे, सोमवार

आज शून्य सावली! वर्षातून दोनदा सूर्य पुण्याच्या अगदी डोक्यावर येतो, आता आणि मग जुलैअखेरीला. तेव्हा तर ढग. त्यामुळे खरी संधी आजचीच. भर दुपारी सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते, काही क्षण उरतच नाही. दरवर्षी मुलींना सांगते आणि दरवर्षी त्या दिवशी शाळेला सुट्टी असते.

काल ल.व. आणि स्नेहलला आमंत्रण दिलं होतं. स्नेहल झोपेतून उठून आली. ल.व. छत्री घेऊन बाहेर. मी भिंतीवरच्या फरशीवर माझी खुंटी उभी केली. बारा वाजून गेले, सावली आखडत आली, पण एका बाजूला बारीक रेघ राहिली. जाईना.

"तुमचा सूर्य चुकला," ल.व. म्हणाल्या.

"सूर्य चुकत नाही, खुंटी चुकते." हे मी बोलले नाही. आवाज मागून आला. हे बाहेर आले होते! भर दुपारी, चपला न घालता, तापल्या फरशीवरून. हातात पितळेचा एक दंडगोल, टूलरूममध्ये स्वतः कातलेला. लेव्हल ठेवली, खाली कागदाची घडी सारून फरशीचा फरक काढला, दंडगोल उभा केला.

सगळे वाकून पाहत होतो. रेघ बारीक झाली. मग गेली. पितळ नुसतं चमकत होतं, भोवती काहीच नाही.

"अय्या काका!" स्नेहल.

 इतकी वर्षं शिकवते आहे आणि इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती.

मग ल.व.नी छत्री जरा मागे घेतली. "भाऊजी, आज सुट्टी?"

 ह्यांनी दंडगोल उचलला. रुमालाने पुसला.

"नाही, वहिनी. नोकरी सोडली. दिवाळीत."

"ते माहीत आहे हो."

"माहीत आहे?"

"दूधवाल्यानं सांगितलं. पहाटे तुम्हीच पातेलं घेऊन यायला लागलात तेव्हाच."

"मग आत्ता विचारलंत कशाला?"

"विचारावं लागतं. आपणहून कसं म्हणायचं?" आणि छत्री सावरून, "चला, कुकर लावायचाय."

गेल्या. स्नेहल तोंडावर हात धरून हसत जिना चढली. हे कट्ट्यावर बसले. मी शेजारी. ऊन रणरणत होतं, ह्यांचे पाय भाजले होते. बकुळीची सावली माझ्या हिशेबापेक्षा वीतभर कमी पडत होती. कुणी हललं नाही.

१४ मे, मंगळवार

आज दिवसा बाहेर नाही. तळपायांना कैलास जीवन. कारण म्हणून ठीक आहे. कारण खरं असू शकतं.

२६ मे, रविवार

संध्याकाळी, उजेडात, पण माझ्याबरोबर. मी उठले की उठतात. परवा मी मुद्दाम पाणी प्यायला आत गेले, तर मागोमाग आले: "मलाही हवं होतं."

माझी सुट्टी संपत आली. त्यानंतर सकाळी घरात हे एकटे. घाई नाही. वर्गातही पहिल्यांदा आपण मुलीशेजारी उभं राहतो. मग मागे जाऊन खिडकी उघडायला लागतो, जणू तेच काम होतं. पण फळ्यापाशी ती एकटी किती वेळ उभी राहील, हे आजवर मला कधी आधी सांगता आलेलं नाही.

१० जून, सोमवार

शाळा सुरू. मधल्या सुट्टीत, शिक्षक-खोलीत लिहिते आहे. घरी जाईपर्यंत धीर नाही.

सकाळी आभाळ भरलेलं. मी डबा भरत असताना फाटकाची कडी वाजली. पाहिलं तर हे वर्तमानपत्र घेऊन कट्ट्यावर, एकटे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी पर्स घेऊन बाहेर आले. "येते," म्हटलं. "हं," म्हणाले. पान उलटलं, मागची बाजू जाहिरातींची होती, तीच वाचत होते.

रिक्षा मिळाली. मी बसले. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीतले एक आजोबा, हातात काठी, पायात पांढरे बूट, सकाळचं फिरून परत येत होते. आमच्या फाटकाशी थबकले. भिंतीवरच्या फरशीवर हात टेकवला. ह्यांना नीट न्याहाळलं, आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "नवीन राहायला आलात का इथे?"

मी रिक्षावाल्याला थांबा म्हणणार होते. म्हटलं नाही.

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती शेजारी ठेवली आणि जरा सरकून बसले. ओठ हलले. पण रिक्षा तोवर वळली होती.